चैन तुटली तिथं

माझी बोअरची गाडी फैजपुरात सगळ्यांना ठाऊक.
दोनशेला नाही लागलं तर तीनशे,
तीनशेला नुसता धुरळा, तर चारशे.
बाग सुकलेल्या माणसाचा चेहरा बघायचो
आणि पुढचा रॉड लावायचो.
फुटामागे पैसे. लागलं तर पेढे, नाही लागलं तरी पैसे.

माघात साक्रीकडे निघालो उधारी मागायला.
पारोळ्यात चहा, धुळ्यात शेवभाजी.
केळीचे बाग कधीच मागे पडले होते.
पिंपळनेरच्या अलीकडे, पांझरेच्या काठाकाठानं जाताना
मोटारसायकलची चैन तुटली.
मिस्त्री मेहुण्याच्या हळदीला गेलेला,
यायचा तो उद्याच.

गाव लहान. हॉटेल नाही, रेंज नाही,
नदीत एक जुना दगडी बंधारा
आणि त्यातून निघालेला पाट
न मोटार, न वायर, न स्टार्टरची पेटी,
उतार धरून आपला चाललेला.
मी खरंच इकडेतिकडे पाहिलं,
आवाज कुठून येत नाही ते शोधत.

पाटकरी होता दगा सोनवणे. सत्तरीचा असेल.
खांद्यावर फावडं, कानाला मफलर, पायात काही नाही.
म्हणाला, “आठेच झोपशी? त्यापेक्षा बॅटरी धर, चाल.”
मग रात्रभर त्याच्या मागं मागं.
एका चारीचं तोंड गवत-चिखलानं बंद करायचं,
दुसऱ्याचं पायानंच उघडायचं.
या फडात गहू, त्या फडात हरभरा,
तिसरा फड यंदा मोकळा, कोणाचाच हट्ट नाही.
मी विचारलं, पाणी कोणाचं?
“ज्यानी पाळी, त्यानं पानी.”
एवढंच. जणू मी वार विचारला होता.

पहाटे एका शेतापाशी तो थांबला,
हरभऱ्याची पानं चाचपली, जमिनीत बोट घातलं,
आणि पुढं निघाला. चारी उघडली नाही.
कोणाचं हे?
“मन्हंच शे. मन्ही पाळी मंगळवारले.”
तेव्हा होता शनिवार.

बांधावर बिडी ओढताना त्यानं विचारलं,
“तुम्हनाकडे पानी कितलं लांब शे?”
मी म्हटलं, चारशे फूट.
त्यानं डोळे बारीक केले, हात लांबवला,
“म्हणजे त्या चिचलगून?”
नाही तात्या. लांब नाही.
खाली.
तो काहीच बोलला नाही.
फक्त जमिनीवर टेकलेलं फावडं त्यानं हळूच उचललं
आणि मांडीवर आडवं ठेवलं.

उधारी निम्मी मिळाली. नवी चैन बसवली.
येताना धुळ्याच्या पुढं
दर चारशे फुटांवर काय येतं ते मोजत आलो:
एक पंप, एक शाळा, दोन वस्त्या, एक दर्गा,
मग मोजणं सोडलं.

गाडी विकली नाही. पोरीचं कॉलेज आहे,
मला साधू कोण होऊ देईल?
पण आता बोलावणं आलं की
मशीन रस्त्यावरच उभी करतो.
मालकाला म्हणतो, शेठ, चला, चारशे फूट चालू.
आधी आडवे. मग बघू उभं.
जुन्या बोअरपासून निघतो आम्ही, टेप धरून.
शंभराला त्याचा बाग संपतो,
दोनशेला भावाचा, ज्याच्याशी बोलणं नाही,
तिनशेला एका विधवेची विहीर, तळाला काळी ओल,
चारशेला आम्ही उभे असतो
अशा कोणाच्या तरी बांधावर
ज्याचं नावही शेठला माहीत नसतं.

काही जण तिथूनच दुसऱ्या गाडीवाल्याला फोन लावतात.
रेंज इथं चांगली आहे.
वामन फेगडे मात्र परवा बराच वेळ उभा राहिला,
मग त्या बांधावरच्या माणसाला म्हणाला,
तुमची मोटार किती वाजता लावता?

मी टेप गुंडाळत होतो.
मुद्दाम हळू गुंडाळली.